तात्यांच्या कबरीतली नळी

कबर खणून तयार झाली आणि पाद्री नदीपलीकडेच अडकला.

दोष पोर्फिरीचा होता, पण तसं त्याच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. कझानच्या मातेच्या सणाला लेना नदी गोठून धरते आणि माणसं बर्फावरून चालत पलीकडे जातात, हे उस्त-तालगातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या हिशेबाने पोर्फिरीने सणाच्या आदल्या दिवशी बापाच्या, तात्यांच्या, कबरीचा तळ गाठून घेतला होता. धाकटा भाऊ वेनेदिक्त त्याला म्हणाला होता, "यंदा पानगळ उबदार गेलीय. नदी सणाला धरणार नाही. माती वितळवायचा शेवटचा जाळ दोन दिवस उशिरा लाव." त्यावर पोर्फिरी म्हणाला होता, "नदीला भूगोल तू शिकवलास का, मास्तर?"

आता सण उजाडला होता आणि बर्फाचे तुकडे एकमेकांना घासत, कुरकुरत वाहतच होते. होडी घातली तर चिरडेल, पाऊल टाकलं तर बुडेल. पलीकडच्या काठावर पाद्री मेफोदी काळ्या ठिपक्याएवढा दिसत होता. त्याने दोन्ही हात वर करून आडवे हलवले आणि तो परत फिरला.

खणलेली कबर रिकामी ठेवायची नसते. रिकामी राहिली की ती त्याच घरातलं आणखी एक माणूस मागते. खणणाऱ्यांनी तोंडावर दोन फावडी फुलीसारखी आडवी घातली आणि शेजारी शेकोटी करून ते राखणीला बसले. घरी ही बातमी पोचली तेव्हा पोर्फिरीची बायको ग्लिकेरिया पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"घरात पोटुशी पोर आहे," ती म्हणाली, "आणि तिकडे खड्डा तोंड वासून पडलाय!"

पोटुशी पोर म्हणजे तिची मुलगी उस्तिन्या. ती खिडकीशी बसून मधात शिजवलेले गहू चमच्याने ढवळत होती. दफन झालं की प्रत्येकाच्या तोंडात त्यातला एकेक घास पडायचा होता.

"आई, मला काही होत नाही," उस्तिन्या म्हणाली.

"तू गप्प बस. होणाऱ्याला कधी विचारून होत नसतं."

वेनेदिक्तची बायको कापितोलिना चहाच्या समोवारपाशी उभी होती. गेली पाच वर्षं या घरात ती कोपऱ्यातच उभी राहत आली होती. नवरा जिल्ह्याच्या शाळेत भूगोल आणि निसर्ग शिकवत होता तोवर तिला टेबलाशी खुर्ची मिळायची. मग एके दिवशी त्याने शाळा सोडली. अंगणात वाऱ्याची फिरकी उभारली, छपरावर पाऊस मोजायचं भांडं ठेवलं, उन्हाळाभर दलदलीत हिंडून झाडं वाळवायला सुरुवात केली, आणि पीटर्सबर्गच्या वेधशाळेला दर महिन्याला आकडे पाठवू लागला. तात्या म्हणजे सासरे लुका तेरेंत्येविच तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मी तुला मास्तर व्हायला इर्कूत्स्कला धाडलं होतं, वाऱ्याचा कारकून व्हायला नाही." त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. एकदाच तात्या लेकाच्या अंगणात आले होते. वेनेदिक्तने जमिनीच्या पोटातली थंडी मोजायला तिथे खड्डा घेतला होता. वरून पाहिला तर हुबेहूब कबर. तात्यांनी शब्द न बोलता फावडं उचललं आणि एकट्याने तो बुजवून टाकला. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. त्यानंतर गावात एकही माणूस वेनेदिक्तसाठी कुदळ उचलायला तयार झाला नाही.

दार उघडलं. वेनेदिक्त आत आला तो नखशिखांत चिखलाने माखलेला. कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीला मान लववायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. हातातली लोकरी टोपी त्याने पाणी भरल्यासारखी सावरून धरली होती.

"उस्त्या," तो पुतणीला म्हणाला, "वास घे."

टोपीत शेवाळ होतं. हिरवंगार, ओलं. त्यात वाळुंजाची करंगळीएवढी डहाळी अडकली होती आणि डहाळीवर बंद कळ्या होत्या.

उस्तिन्याने नाक जवळ नेलं. तिचे डोळे मिटले. "जूनमधला वास येतोय," ती हळूच म्हणाली. "काका, बाहेर सगळं गोठलंय. हे कुठून आणलंत?"

"तात्यांच्या कबरीच्या तळातून. दोन पुरुष खोलीवर तपकिरी पट्टा लागलाय, त्यातून. गोठलेलं होतं, येता येता हातात वितळलं."

"मग हा कुठल्या सालचा उन्हाळा?"

वेनेदिक्त हसला. कापितोलिनाने त्याला असं हसताना फार दिवसांनी पाहिलं. "तेच तर. त्या थरावर वीत वीत गाळ बसत आपण उभे आहोत तिथवर जमीन चढलीय. झार नव्हते तेव्हाचा असेल. कदाचित या नदीच्या काठी कुणीच राहत नव्हतं तेव्हाचा."

ग्लिकेरियाने क्रूसाची खूण केली. "मेलेल्याच्या अंथरुणातून गवत उपटून आणलं! आणि ते पोरीच्या नाकाला लावलं!"

"जाऊबाई, शेवाळ आहे ते," कापितोलिना म्हणाली.

"शेवाळ असो नाहीतर रेशीम!"

पोर्फिरी टेबलाच्या टोकाला तात्यांच्या खुर्चीशेजारी बसला होता. खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पांढरं कापड होतं. तो नदीकाठचा सगळ्यात मोठा लोकरी कातड्यांचा व्यापारी, देवळाचा कारभारी, आणि आज दुपारपासून गावाच्या नजरेत सणाच्या भरवशावर कबर उघडी टाकणारा माणूस. त्याने टोपीकडे पाहिलंही नाही.

"काय हवंय तुला, वेन्या?" तो म्हणाला. "शेवाळ दाखवायला तू धावत यायचा नाहीस. तुझ्या तोंडावर दिसतंय काहीतरी."

वेनेदिक्तने टोपी उस्तिन्याच्या हातात दिली.

"नळी ठेवायचीय," तो म्हणाला. "शवपेटीच्या शेजारी. लार्चच्या लाकडाच्या चार फळ्यांची, डांबर लावलेली. तळापासून वरपर्यंत, क्रूसाच्या बाजूने वीतभर बाहेर. वर झाकण. तिच्यातून मी थर्मामीटर खाली सोडीन."

पोर्फिरी खुर्चीत मागे रेलला.

"बापाला चिमणी बसवणार तू?" पोर्फिरी म्हणाला.

"पोर्फिरी..."

"नाही, मला नीट समजू दे. सगळं गाव आपापल्या बापाच्या कबरीवर क्रूस लावतं. आम्ही चिमणी लावायची. धूर येतोय का ते बघायला तू रोज जाणार!"

दाराशी जमलेल्या शेजाऱ्यांत कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. वेनेदिक्तचे कान लाल झाले, पण तो हटला नाही. कापितोलिनाला ती नळी चांगली ठाऊक होती. तात्यांनी अंगणातला खड्डा बुजवला त्या दिवसापासून ती गोठ्यामागे आडवी पडली होती. कापितोलिना तिच्यावर मासे वाळत घालत असे. मनातून तीही म्हणाली, आज नको रे. आज तरी नको.

"सगळ्या गावात एवढा खोल खड्डा दुसरा नाही," वेनेदिक्त म्हणत होता. "आणि पुन्हा होणारही नाही. तात्यांनी स्वतःच तो खोल मागितला होता ना? तेरेंती आजोबांचं..."

ते सगळ्यांना माहीत होतं. तेरेंती आजोबांना पुरलं होतं ते इतरांसारखं, कमरेएवढ्या खोलीवर. वरची माती दर उन्हाळ्यात वितळायची, दर हिवाळ्यात गोठून फुगायची, आणि दर वर्षी पेटी चार बोटं वर ढकलायची. एका वसंतात तिचा कोपरा जमिनीतून बाहेर आला. तात्या तेव्हा तरुण होते. त्यांनी बापाला दुसऱ्यांदा पुरलं, आणि त्याच दिवशी सांगून ठेवलं, "मला उन्हाळ्याचा हात पोचणार नाही इतकं खाली घाला." म्हणून ही कबर इतके दिवस चालली होती. लाकडं जाळायची, राख उपसायची, वितळलेली माती खरवडायची, पुन्हा लाकडं जाळायची. तोवर तात्या कोठारात थंडीत वाट पाहत होते.

"तात्यांना उन्हाळा पोचू नये असं वाटत होतं," वेनेदिक्त म्हणाला. "तो पोचतो का, तेच मला बघायचंय."

"ते त्यांना आधीच ठाऊक होतं. आकड्यांशिवाय," ग्लिकेरिया म्हणाली. "भाऊजी, तुमच्या नादाला लागून तुमची बायको पाच वर्षं एकाच कोटावर आहे. आता मेलेल्या माणसालाही सोडू नका."

कापितोलिनाच्या हातातला पेला बशीवर खणकला.

"माझा कोट मी बघेन, जाऊबाई," ती म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "माझ्या नवऱ्याने नदीचं सांगितलं होतं. नदी धरणार नाही म्हणाला होता. ऐकलं असतं, तर आज तुमच्या लेकीच्या नावाने उघडा खड्डा नसता."

पोर्फिरी उठला. त्याने कोट चढवला, टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "राखणीला मी बसतो. चूक माझी, बैठकही माझी."

*

दफनभूमी टेकाडावर होती. खणणाऱ्यांना पोर्फिरीने घरी जेवायला पाठवलं आणि शेकोटीशी ओंडक्यावर बसला. ऊन होतं, पण ते नुसतं दिसण्यापुरतं. खाली नदी कुरकुरत होती. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि वेनेदिक्त येऊन दुसऱ्या ओंडक्यावर बसला.

"उद्या धरेल," वेनेदिक्त म्हणाला. "आभाळ निरभ्र आहे. उद्या दुपारी फळ्या टाकून माणूस पलीकडून येईल. घोडा नाही, पण माणूस येईल."

"हे तू सणाच्या आधी एवढ्या ठामपणे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"हं," पोर्फिरी म्हणाला. मग म्हणाला, "सांगितलं होतंस खरं."

त्याने बुटाच्या टाचेने शेकोटीतलं लाकूड आत ढकललं. कबरीच्या तोंडातून शिडीची दोन टोकं वर आली होती. बापाची पेटी जिथे जाणार ती जागा आपण पाहिलेलीच नाही, हे त्याच्या एकदम लक्षात आलं. हुकूम सोडले होते, लाकडं पुरवली होती, पण आत डोकावलं नव्हतं. भीती वाटली होती, हेही त्याने स्वतःशी कबूल केलं.

"कंदील आहे का?" त्याने विचारलं.

फावडी बाजूला करून दोघे शिडीने उतरले, पोर्फिरी पुढे, वेनेदिक्त मागोमाग. पोर्फिरी जाड होता, शिडी करकरली. पहिल्यांदा काळी माती आली, मग करडी वाळू, मग शिडीच्या निम्म्यावर उजेड भिंतीवर पडला आणि भिंत चमकली.

"थांब इथे," वरून वेनेदिक्त म्हणाला. "कंदील जवळ ने."

भिंतीत बर्फ होता. नदीवरचा पांढरा बर्फ नव्हे. काळसर, काचेसारखा आरपार, हातभर रुंदीचा, वरून खाली पाचरीसारखा निमुळता होत गेलेला. त्यात हवेचे बुडबुडे अडकले होते, दोऱ्यात ओवल्यासारखे, उभ्या रांगांनी. पोर्फिरीने हातमोजा काढून बोट लावलं. बोट क्षणभर चिकटलं.

"हे पाणी कधी आत गेलं?"

"जमीन थंडीने तडकते ना, हिवाळ्यात बंदुकीसारखा आवाज येतो, ती तडकते. वसंतात त्या चिरेत पाणी उतरतं आणि गोठतं. केसाएवढं. पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा तडकते, पुन्हा केसाएवढं." वेनेदिक्तने हात पसरून बर्फाची रुंदी दाखवली. "आणि हे एवढं झालंय."

पोर्फिरी व्यापारी होता. केस आणि हात यांतलं अंतर त्याच्या डोक्याने आपोआप भागायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

तो आणखी उतरला. तळाला तपकिरी पट्टा होता, त्यात मुळं, काटक्या, आणि कंदिलाच्या उजेडात हिरवा रंग. त्याने वाकून पाहिलं. एक पान होतं, अखंड, शिरा दिसत होत्या. काल पडल्यासारखं. वर पाहिलं तर आभाळाचा चौकोन, आणि त्यात धाकट्या भावाचं डोकं.

"वेन्या," तो खालून म्हणाला, "हा बुडबुडा फोडला तर आतली हवा...?"

"तेव्हाची."

"कुणी श्वासात न घेतलेली?"

"कुणीच न घेतलेली."

पोर्फिरीने टोपी काढली. का काढली ते त्याला कळलं नाही. आपण देवळात नाही, एवढं त्याला कळत होतं.

वर आल्यावर त्याने बराच वेळ गुडघ्यावरची माती झटकली. "मी नाही म्हणणार नाही," शेवटी तो म्हणाला. "पण हो मी म्हणू शकत नाही. मी देवळाचा कारभारी. पाद्री काय म्हणेल, गाव काय म्हणेल ते नंतर, पण तात्यांची बायको अजून जिवंत आहे. तिला विचार."

"आई हो म्हणणार नाही. तो खड्डा बुजवला तेव्हा तात्यांच्या मागे कंदील धरून तीच उभी होती."

"मग नाही म्हणेल. पण विचारावं लागेल."

*

आई फेदोस्या साव्विश्ना दुसऱ्या दिवशी सकाळी घसरगाडीतून दफनभूमीवर आली. रात्रभर दोघा भावांनी आणि खणणाऱ्यांनी आळीपाळीने राखण केली होती. थंडी एवढी वाढली होती की घोड्याच्या नाकाशी तुषार गोठून लोंबत होते, आणि नदी गप्प झाली होती. पलीकडच्या काठावर माणसं फळ्या टाकून पुढे सरकताना दिसत होती.

म्हातारीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. पोर्फिरी, ग्लिकेरिया, वेनेदिक्त, कापितोलिना, आणि सगळ्यांनी नको म्हटलं तरी आलेली उस्तिन्या. काल आपण सोडून सगळे भांडले, हे तिला केव्हाच कळलं होतं. एका घरात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला भिंतीपलीकडचं कुजबुजणंही मोठ्याने ऐकू येतं.

"शिडी धरा," ती म्हणाली.

"आई!" ग्लिकेरिया किंचाळली. "तुम्ही आत? जिवंतपणी?"

"तो तिथे झोपणार. मी अंथरूण बघून घेते. लग्नाच्या दिवशी नाही बघितलं, आता बघते."

पोर्फिरी आधी उतरला, म्हातारीचे जाड लोकरी बूट एकेका पायरीवर टेकवत, आणि तिच्यामागून वेनेदिक्त. तळाला तिघांना जेमतेम जागा होती. फेदोस्या साव्विश्नाने भिंत डोळ्यांनी पाहिलीच नाही. दोन्ही मोजे काढून तिने तळहातांनी ती चाचपली, वाळू, बर्फ, मग तो तपकिरी पट्टा. बोटांना शेवाळ लागलं तेव्हा ती थांबली.

"हे वाढतंय?"

"नाही, आई. थांबलंय."

"कुजलं नाही ते?"

"कुजायला ऊब लागते."

तिने बोट शेवाळावरून पुन्हा फिरवलं. "म्हणजे तोही नाही कुजणार."

"नाही. आहेत तसे राहतील."

"दाढीसकट?"

"दाढीसकट."

"कुठवर?"

वेनेदिक्तला सोपं उत्तर देता आलं असतं. कायमचं म्हटलं असतं की म्हातारी सुखावली असती, आणि कदाचित हो म्हणाली असती. पोर्फिरी त्याच्याकडे बघत होता, डोळ्यांनी तेच सांगत होता.

"थंडी आहे तोवर," वेनेदिक्त म्हणाला.

"थंडी जाणार आहे का?"

"आई, थंडी कुठे जाते?" पोर्फिरी घाईने म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

"मला ठाऊक नाही, आई," वेनेदिक्त म्हणाला. "ही खालची थंडी आपल्या हिवाळ्यांनी आणलेली, की फार जुनी, उरलेली, हेच कुणाला ठाऊक नाही. जुनी असेल तर ती थोडी थोडी सरत असेल. आपल्या पायाखाली. कुणाला न कळता. म्हणून नळी हवीय."

"आणि नळीने ती थांबेल?"

"नाही. कळेल फक्त."

"कधी?"

"माझ्या हयातीत नाही कळणार बहुतेक. एका वर्षाचे आकडे काही सांगत नाहीत. तीस, चाळीस वर्षांचे लागतील. जास्तच."

म्हातारीने भिंतीवरचे हात काढून घेतले. वरून ग्लिकेरियाचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं. वेनेदिक्तला वाटलं, संपलं. कुणाच्याच हयातीत न कळणाऱ्या गोष्टीसाठी कुठली बाई नवऱ्याची कबर उघडी ठेवील?

"पाच वर्षांत," फेदोस्या साव्विश्ना म्हणाली, "बापाच्या दारात कितीदा आलास?"

वेनेदिक्त खाली बघत राहिला. "एकदाही नाही."

"तो खिडकीत बसायचा. तुझी ती फिरकी तिथून दिसते. वारा कुठला आहे ते तिच्यावरून बघायचा आणि मला म्हणायचा, हा बावळट आज भांड्याचं झाकण लावायला विसरलाय." तिने मान वळवून लेकाकडे पाहिलं. "थर्मामीटर बघायला कितीदा जावं लागतं?"

"महिन्यातून एकदा."

"चुकला महिना तर?"

"चुकवायचा नसतो."

"ताप असला तरी? बर्फाचं वादळ असलं तरी?"

"तरी."

"आणि पोर्फिरी गावाला गेला, ग्लिकेरिया रुसली, पाद्री रागावला, तरी?"

"तरी, आई."

"मग तो पाच वर्षांचा हिशेब तू त्याच्याशी चुकता कर," म्हातारी म्हणाली. "ठेव नळी."

वर पोचताच ग्लिकेरियाने सुनावलं, "आई, तुम्ही हो म्हणालात ते ठीक. पण हे तर चाळीस वर्षांचं म्हणतायत. भाऊजींना मूल नाही. ते गेल्यावर कोण येणार इथे? उघडी नळी, उघडी कबर, आणि बघायला कुणी नाही!"

कापितोलिनाने मान खाली घातली. हे कुणीतरी कधीतरी म्हणणारच होतं.

"माझं येईल," उस्तिन्या म्हणाली.

"काय?"

"माझं मूल. मी शिकवीन त्याला. मला काकांनीच तर वाचायला शिकवलं. मुलगी झाली तर मुलगी येईल."

ग्लिकेरियाने लेकीच्या तोंडावर हात ठेवला. "थू, थू! कबरीशी उभं राहून पोटातलं पोर बोलून बसलीस!"

फेदोस्या साव्विश्ना घसरगाडीच्या काठावर बसून हातमोजे चढवत होती.

"ग्लिकेरिया," ती म्हणाली, "रिकामी कबर घरातलं एक माणूस मागते, असंच ना?"

"असंच म्हणतात."

"मग झालं तर. मागितलं, दिलं. पण तिच्यात निजायला नाही, तिच्याशी यायला. आता तिचं काही देणं उरलं नाही. हात काढ पोरीच्या तोंडावरचा, तिला श्वास घेऊ दे."

ग्लिकेरियाचा हात हळूच खाली आला. थोड्या वेळाने तिने आपली शाल सोडली आणि लेकीच्या पोटाभोवती घट्ट गुंडाळली.

नळी आणायला पोर्फिरी स्वतः गेला. तिला माशांचा वास येत होता.

*

दुपारी पाद्री मेफोदी नदी ओलांडून आला, झग्याचा घोळ ओला, दाढीत बर्फ. तोवर नळी उभी झाली होती. प्रार्थना म्हणताना त्याची नजर दोनदा तिच्याकडे गेली आणि दोनदा परत पुस्तकावर आली. पेटी दोरांवर हळूहळू खाली उतरली. पोर्फिरीने पहिलं ढेकूळ टाकलं, गोठलेलं, ते दगडासारखं वाजलं. मग सगळ्यांनी टाकलं. वेनेदिक्त एका हाताने नळी सरळ धरून उभा होता, माती भरत वर येईपर्यंत. त्याच्या बोटांना नळीतून ढेकळांचे धक्के कळत होते, आधी मोठे, मग मऊ.

क्रूस उभा राहिला. गर्दी पांगू लागली, घरी मधातले गहू आणि माशाचं सारण भरलेले पिरोग वाट पाहत होते. नळीचं झाकण अजून लावलेलं नव्हतं. वेनेदिक्त, वर ओढताना आकडा बदलू नये म्हणून चरबीत गुंडाळलेला थर्मामीटर कोटाच्या आतून काढत होता, तेवढ्यात फेदोस्या साव्विश्ना पुढे आली. तिने उजवा मोजा काढला आणि तळहात नळीच्या तोंडावर धरला.

ती तशीच उभी राहिली.

"वेन्या," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे उबदार आहे रे."

"हो, आई," तो म्हणाला. कारण त्याला ठाऊक होतं, आणि ते साधं होतं. बाहेरची हवा जमिनीपेक्षा कितीतरी थंड झाली होती. खालची थंडी शून्याखालीच होती, पण या दुपारपुढे ती ऊबच. तिथली हवा हलकी होऊन वर येत होती. नळीच्या कडेला तुषार गोठून पांढरी झालर धरू लागली होती. तो हे दहा वाक्यांत समजावून सांगू शकला असता. त्याने आपलाही मोजा काढला आणि आईच्या हाताशेजारी हात धरला. तळहातावर अगदी मंद, एकसारखं काहीतरी लागलं. त्याला कारण ठाऊक होतं, आणि तरी त्याच्या अंगावर काटा आला.

मग उस्तिन्याने हात धरला. मग कापितोलिनाने. पोर्फिरीने दोन्ही धरले, शेकायला बसल्यासारखे. ग्लिकेरिया लांब उभी होती. ती पुढे आली, एक बोट लावून मागे सरली, आणि पुन्हा पुढे आली.

पाद्री मेफोदी धूपदाणी हलवत परत निघाला होता. त्याने मागे वळून ती रांग पाहिली. थोडा वेळ तो तिथेच थबकला. मग त्याने धूपदाणी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, आणि ग्लिकेरियाच्या मागे जाऊन उभा राहिला.